राखीव वक्ता

३ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू "हं" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, आणि मग दोघंही समोरच्यानं आधी ठेवायची वाट बघत बसतो. पत्रात निदान मध्ये कुणी "हं" म्हणत नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. अण्णांच्या सेवा क्लबात यंदा मला कार्यक्रमप्रमुख केलंय. केलंय म्हणजे गळ्यात मारलंय. अध्यक्षांनी सभेत विचारलं, कोण घेतंय ही जबाबदारी, तर सगळ्यांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले. माझा कप आधीच संपला होता. अध्यक्ष म्हणजे आपले दाताचे डॉक्टर, ज्यांच्या बोटाला तू लहानपणी चावला होतास. त्यांना अजून आठवतं.

काम एवढंच, की दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक पाहुणा वक्ता उभा करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही आहे आणि ते ऐकवतंही, अशी माणसं एका गावात असून असणार किती? साप पकडणारे येऊन गेले. कराचे सल्लागार तीनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा तर न बोलावता. गेल्या महिन्यात झोपेचे डॉक्टर आले. त्यांचं भाषण इतकं परिणामकारक झालं की पहिल्या रांगेतले फर्निचरवाले घोरायला लागले आणि डॉक्टरांनी तेच उदाहरण म्हणून दाखवलं. त्याआधी एक बाई "हसा आणि निरोगी राहा" या विषयावर बोलायला आल्या आणि मध्येच स्वतः रडू लागल्या. घरचं काहीतरी होतं. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. शेवटी अण्णा आभार मानायला उठले आणि म्हणाले, "हसवणारे पुष्कळ येतात. बाईंनी आज आपल्यावर विश्वास टाकला." बाई डोळे पुसून हसल्या. परक्यांशी अण्णा फार छान बोलतात.

तर मला तू हवा आहेस. १७ ऑक्टोबरला. विषय तुझ्याच कामाचा. तू पहाटे सामसूम रस्त्यावर लोखंडी काठी टेकवतोस, दुसरं टोक कानाला लावतोस आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगतोस, हे इथे कुणालाही सांगितलं तर लोक तोंडात बोट घालतात. कराच्या सल्लागारांपेक्षा शंभरपट बरं.

आता खरं कारण. क्लबाचे नियम तुला माहीत नसतील. ते अण्णांनीच केलेत, पहिले अध्यक्ष होते तेव्हा. वक्ता बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. उठून जायचं नाही. आणि एकदा भाषण सुरू झालं की दार लावून घ्यायचं, उशिरा येणाऱ्यानं बाहेरच थांबायचं. एकदा फर्निचरवाले करकर वाजणारे बूट घालून मध्येच आले आणि वक्ता जो अडखळला तो पुन्हा सावरलाच नाही, तेव्हापासून हा नियम आहे. आणि शेवटी आभार मानायचे ते अण्णांनी. दर गुरुवारी, न चुकता.

म्हणजे बघ. तू उभा राहशील, ते बसलेले असतील. तू बोलशील, ते ऐकतील. उठून जाता येणार नाही, कारण नियम त्यांचाच. आणि शेवटी उभं राहून त्यांना तुझे आभार मानावे लागतील. तुम्हा दोघांच्या अबोल्याच्या आठ वर्षांत मला सुचलेली ही एकच बरी युक्ती आहे.

अण्णा बरे आहेत. घसा जरा बसलाय, बाकी काही नाही.

तुझी,
ताई

१४ सप्टेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "त्यांनीच बोलू नकोस म्हणून सांगितलंय. मी बोलत नाही. विषय संपला." तीन वाक्यं आणि बाकी कार्ड कोरं. खाण तशी माती. अण्णांनी लिहिलं असतं तरी अगदी असंच लिहिलं असतं, फक्त अक्षर बरं असतं.

मी काही विसरलेले नाही. आईला निरोप देऊन आपण परत आलो, पायऱ्यांवर सगळी माणसं उभी होती, आणि अण्णा तुला म्हणाले, "तुझं ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालं. यापुढे माझ्याशी बोलायचं नाही." त्या आवाजानं समोरच्या घराची खिडकी उघडली होती. अण्णांचं म्हणणं होतं की तिला कापू नका, आहेत तेवढे दिवस घरी राहू दे. तू तिला तुझ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलंस आणि ती ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही. चूक तुझीही नव्हती आणि त्यांचीही नव्हती, असं मी तेव्हापासून दोघांना सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी. मधल्या माणसाचं कोण ऐकतं?

तुला वाटत असेल, ते तुला विसरलेत. शाळेतून आल्यावर तू दुकानात ज्या तिपाईवर बसून चष्म्याची भिंगं पुसायचास, ती तिपाई अजून काउंटरपाशी आहे. गिऱ्हाइकं तिला अडखळतात, मीही दोनदा आपटले. मागे टाकू का म्हटलं तर अण्णा म्हणाले, "असू दे, कोणाला काय खायला मागते?" तुझं नाव ते घेत नाहीत, पण तिपाईला हात लावू देत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्या घरावरूनच म्हणत असावेत.

तू नाही म्हणालास म्हणून गुरुवार काही थांबत नाही. पाहुणा आलाच नाही तर हॉल रिकामा जाऊ नये म्हणून क्लबानं एक राखीव वक्ता ठेवलाय. गेली कित्येक वर्षं ते अण्णाच. भाषण एकच, "चष्मा आणि माणूस". सगळ्यांना पाठ आहे. "एका गिऱ्हाइकाला नवा चष्मा दिला, तर तो बायकोकडे बघून म्हणाला, जुनाच नंबर बरा होता," हे वाक्य यायच्या आधीच फर्निचरवाले हसायला लागतात. अण्णा त्यांना थांबवतात आणि म्हणतात, "थांबा हो, अजून यायचंय."

अलीकडे मात्र मी ती पाळी येऊ देत नाही. प्रत्येक वक्त्याला दोन-दोनदा विचारून घेते. मागच्या दोन गुरुवारी आभारही मीच मानले. अण्णा म्हणाले, घसा ठीक नाही. वय झालंय त्यांचं, तुझंही होतंय, माझं तर झालंच.

एकदा ये. त्यांच्याशी बोलायला ये असं म्हणतच नाही मी. क्लबाशी बोल. पंचवीस मिनिटं फुटक्या नळांविषयी बोल, त्यांच्याकडे बघूही नकोस. मी एका घरात दोन अबोले सांभाळतेय रे, एक समोर बसलेला आणि एक लांब गेलेला. मला आता झेपत नाही.

ताई

२ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

तुझं "येतो" मिळालं. एकच शब्द, पण मी तो दुकानात उभ्यानं चार वेळा वाचला आणि समोरच्या बाईंना जवळच्या नजरेऐवजी लांबच्या नजरेचा चष्मा दिला. त्या परत आल्या तेव्हा कळलं.

आता व्यवस्था नीट ऐक. सभा सहाला सुरू होते. तुझी पहाटेची पाळी असते हे माहीत आहे, पण त्या दिवशी रजा घे आणि सकाळचीच बस धर. दुपारची बस वाटेतल्या रेल्वे फाटकात अडकते, हा रोजचा धडा आहे. काठी घेऊन ये, लोकांना हातात धरून बघायला आवडतं. शर्ट इस्त्रीचा घाल. भाषण लिहून आणू नकोस, तू वाचायला लागलास की बातम्या सांगितल्यासारखा वाचतोस.

अण्णांना काही सांगितलेलं नाही. जिन्यातल्या फळ्यावर मी एवढंच लिहिलंय, "पाणीपुरवठा खात्यातील तज्ज्ञ". नाव मुद्दामच घातलं नाही. दाताच्या डॉक्टरांना विश्वासात घेतलंय. ते म्हणाले, "मला चावणार नसेल तर माझी हरकत नाही."

मागून आलेल्या कार्डात तू विचारलंयस, १७ ऐवजी त्याच्या पुढच्या गुरुवारी आलो तर चालेल का. नाही चालणार. त्या आठवड्यात हॉल रंगवायला काढणार आहेत. १७ म्हणजे १७.

तू खोलीत शिरशील तेव्हा मी कुठे बघू, हेच मला कळत नाहीये. त्यांच्याकडे की तुझ्याकडे? बहुतेक पंख्याकडे बघेन.

तुझी,
ताई

१६ ऑक्टोबर

बारक्या,

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीये. पण कुठेतरी बोलल्याशिवाय मला उद्याचा दिवस काढता येणार नाही, आणि बोलायला या घरात कोणी नाही.

हॉल रंगवायला काढलेला नाही. मी थाप मारली. शुक्रवारी सकाळी अण्णांचं ऑपरेशन आहे. त्यांच्या स्वरयंत्राला गाठ आहे, वाईट जातीची. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल म्हणतात, गळ्याला भोक ठेवतील, त्यातून श्वास घेतील. आवाज जाईल. थोडा जाईल, मग येईल, असं काही नाही. जाईल.

तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. मी खूप भांडले. ते म्हणाले, "आजारी आहे म्हणून आलेला मुलगा मला नको. समाचाराला शेजारीपण येतात." मी म्हटलं, मग कधी येणार तो? तर ते चष्मा पुसायला लागले. त्यांचा शब्द मोडायचा नाही आणि तुला मात्र आणायचं, यातून ही वक्त्याची युक्ती काढली. वेळ फार थोडा उरला होता.

मला आणखी एक भीती होती. कळवलं आणि तरी तू आला नाहीस, तर? मग माझ्या हातात काहीच उरलं नसतं.

डॉक्टर म्हणत होते, गुरुवारी सकाळीच दाखल व्हा. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांचाच पेन मागून कागदावर लिहिलं, "गुरुवारी सभा आहे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. शेवटी ठरलं, सभा झाली की सरळ दवाखान्यात. बॅग भरून दाराशी ठेवलीय. जीव टांगणीला लागलाय आणि या माणसाला सभा सुचतेय.

गेल्या गुरुवारपासून ते घरात एक शब्द बोललेले नाहीत. पाणी हवं असलं की भांडं वाजवतात. दुखतंय का विचारलं तर मानेनं नाही म्हणतात. म्हणजे माझ्यावरच रागावलेत. काय केलंय मी?

तुला एवढं तरी सांगावं का, की अण्णांचा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही? गेल्या महिन्यात तो घोगरा होता, आता फाटलाय, मध्येच तुटतो. बोलणं बंद करण्याआधी मलाच कधी कधी वाटायचं, घरात दुसराच कोणी म्हातारा बोलतोय. पण तेवढं सांगितलं की का ते सांगावं लागेल, मग पुढचं सगळं. नको. उद्या तू स्वतःच ऐकशील.

ताई

१८ ऑक्टोबर
दवाखाना

बारक्या,

आला नाहीस.

येतो म्हणून कबूल केलंस आणि आला नाहीस. साधा निरोप नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तीन वेळा जिन्यापर्यंत जाऊन आले. शेवटी दार लावून घेतलं.

तुझ्या जागी जे उभं राहिलं आणि जे बोललं, ते मी तुला सांगणार नाही. ऐकायचं असतं तर आला असतास. मी दवाखान्यात का आहे तेही विचारू नकोस. तुझा अबोला तुला लखलाभ. मला यापुढे कार्ड टाकू नकोस.

२३ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं पत्र काल आलं. माझं रागाचं पत्र तुला मिळालं असेल, ते फाडून टाक. आणि हे बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तुझी वाक्यं मी इथे पुन्हा लिहिते, कारण मी ती इतक्यांदा वाचलीत की पाठ झालीत. "सकाळची बस मिळाली नाही. दुपारची फाटकात अडकली. वर आलो तर दार बंद. आत कोणीतरी बोलत होतं. मी सवयीनं दाराला कान लावला. फाटका, आजारी आवाज होता, पत्र्यावर वाळू घासावी तसा. पंख्यांमुळे शब्द लागत नव्हते. अण्णांचा आवाज मी झोपेतही ओळखेन, लहानपणी गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. हा तो नव्हता. मी येणार हे कळल्यावर ते आलेच नाहीत आणि तू माझ्या जागी दुसरा कोणी उभा केलास, असं समजलो. थोडा वेळ थांबलो आणि निघालो. काठी जिन्यातच राहिली. ठेवून दे."

तो आवाज अण्णांचा होता.

सोबत १६ तारखेचं पत्र जोडलंय. ते टाकायचं नव्हतं. आता टाकायलाच हवं. ते आधी वाच आणि मग पुढे ये.

वाचलंस? गळती कुठे आहे ते जमिनीवरून ऐकून सांगणारा तू, आणि बंद दारापलीकडचा बाप तुला ओळखू आला नाही. यात तुझी चूक नाही रे. तुझ्या कानात जो आवाज आहे तो आठ वर्षांपूर्वीचा आहे. मी एक ओळ लिहिली असती की त्यांचा आवाज फाटलाय, तर तू दार तोडून आत आला असतास. मी मूग गिळून बसले.

आता ते काय बोलले ते लिहिते. जसंच्या तसं, जेवढं मला आठवतंय तेवढं. मध्ये मध्ये आवाज जात होता, ते थांबत होते, पाणी पीत होते. माइक त्यांनी अगदी ओठांना लावला होता.

वक्ता आला नाही म्हणून अध्यक्ष म्हणाले की आजची सभा इथेच संपवू. तेवढ्यात अण्णा उठले. मी धावत जाऊन दंड धरला, तर त्यांनी माझा हात काढला. फर्निचरवाले खुर्चीत नीट बसले, त्यांना वाटलं चष्मा आणि माणूस.

"माझं भाषण तुम्हाला पाठ आहे," अण्णा म्हणाले. "आज ते नाही. आजचे वक्ते आलेले नाहीत. पण आभार मानायचं काम माझं आहे, ते मी करून टाकतो. आज राहिलं तर पुढे जमायचं नाही."

फर्निचरवाले सवयीनं हसले आणि मग पुढे सरकून बसले.

"फळ्यावर लिहिलंय, पाणीपुरवठ्यातले तज्ज्ञ. माझ्या मुलीच्या ओळखीचा पाणीपुरवठ्यातला तज्ज्ञ एकच आहे. तिला वाटतं बापाला चष्मा विकता येतो, वाचता येत नाही."

मी पंख्याकडे बघितलं.

"तो लहानपणी भिंतीला कान लावून बसायचा. म्हणायचा, अण्णा, आत नळ रडतोय. मी म्हणायचो, अभ्यास कर. एकदा खरंच भिंत ओली निघाली. तेव्हाही मी त्याला शाबास म्हटलं नाही. प्लंबरला म्हटलं."

मग ते खोकले आणि पाणी प्यायले. अध्यक्ष अर्धवट उठले होते, त्यांना हातानं बसवलं.

"आमची ही आजारी पडली तेव्हा मी म्हणालो, कापू नका. तो म्हणाला, काहीतरी करू या. घेऊन गेला. ती परत आली नाही. मी त्याला म्हणालो, तुझं ऐकून झालं. आता उद्या मला कापणार आहेत. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि मी झटक्यात सही केली. विचारसुद्धा केला नाही. जगावंसं वाटतं हो माणसाला. तिलाही वाटत असेल. मी तिला विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं."

याच वेळी तू दाराबाहेर उभा असणार. मी आता हिशोब करत बसत नाही, पण असणारच.

"तर आजच्या वक्त्यांचे आभार," ते म्हणाले. "त्यांनी तिला नेलं. मी घरी ठेवून नुसता बघत बसलो असतो. त्यांनी तिला नेलं, म्हणून..."

इथे आवाज गेला. ओठ हलत होते, माइकमधून फक्त वारा येत होता. वेळ संपल्याची घंटा वाजवायची म्हणून अध्यक्षांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मागे घेतला. अण्णांनी वाक्य पूर्ण केलं, पण ते कोणाला ऐकू आलं नाही, शेजारी उभ्या असलेल्या मलाही नाही. मग त्यांनी माइक ठेवला, आभार मानल्यावर नेहमी वाकतात तसे जरासे वाकले, आणि जागेवर येऊन बसले. बॅग मी हॉलवर आणून ठेवली होती, ती घेऊन आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता.

आठवडाभर ते घरात का बोलत नव्हते, हे मला रिक्षात कळलं. रागावले नव्हते. दुखतही नसेल तेवढं. ते आवाज साठवत होते, बारक्या. गुरुवारी तुझे आभार मानायचे म्हणून. सकाळी दाखल व्हायला म्हणूनच नकार दिला. आणि मी त्यांना मनातल्या मनात हट्टी म्हातारा म्हणत होते.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर समाधानी आहेत. गळ्यावर पट्टी आहे, बोलण्यासाठी पाटी दिलीय. वाचनालयाच्या शिपायानं तुझी काठी आणून दिली, ती त्यांच्या खाटेला टेकवून ठेवलीय. त्यांनी ती खालीवर बघितली, वरचं टोक कानाला लावून बघितलं, आणि मला खुणेनं विचारलं, कुणाची? म्हणून काल तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दाखवावं की नाही हा विचार दुपारपर्यंत करत होते. पण या घरात लपवाछपवी पुष्कळ झाली.

तू दाराबाहेर उभा होतास इथपर्यंत ते डोळे मिटून ऐकत होते. "हा तो नव्हता" या ओळीला त्यांनी डोळे उघडले. मग खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं श्वास अडकला, मी नर्सला हाक मारणार होते. ते हसत होते की रडत होते ते मला अजून ठरवता येत नाही, कारण आता दोन्हीचा आवाज येत नाही. थोड्या वेळानं पाटी ओढून त्यांनी लिहिलं, "दार बंद ठेवायचा नियम माझाच."

आणि खाली, "चूक त्याची नाही."

क्लबातल्या लोकांनी ते शब्द ऐकले, पण त्यांना त्या आवाजाचं काय? तू शब्द ऐकले नाहीस, पण आवाज तुझ्या कानात आहे. शेवटचा. शब्द मी वर लिहून पाठवलेत. आता ते दोन्ही तुझे तूच एकत्र लाव, मला ते करून देता येत नाही. शेवटचं वाक्य मात्र कोणाकडेच नाही. मी त्यांना विचारून बघितलं, "म्हणून" नंतर काय होतं? त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि कूस बदलली. मला वाटतं, ते मला सांगायचं नाहीये.

तेव्हा ये. गुरुवारच हवा असं नाही. वाटेत फाटक लागलं तर लागू दे, उशीर झाला तर होऊ दे. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून शेवटची खोली. तिथलं दार नर्स लावू देत नाही. आणि आत कोणी बोलत नसतं, त्यामुळे केव्हाही आत येता येतं.

ताई